एका डोळ्याचं ग्रंथालय

बार्शीकडच्या वाशीच्या हायस्कुलात सगळी हयात विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या पिराजी सरांना मोतीबिंदू झालाय, ही गोष्ट खुद्द सर सोडून साऱ्या गावाला कळली होती. "मला काही झालेलं नाही, हल्ली बल्बच पूर्वीसारखे येत नाहीत," असं ते म्हणायचे. मग एका बाजारच्या दिवशी, हातात मेथीची पेंडी घेऊन समोरून येणाऱ्या स्वतःच्या बायकोला त्यांनी "बरं आहे ना, ताई?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढं निघून गेले. सुमनबाई तिथंच भाजीवालीच्या पुढ्यात थांबल्या, पिशवी खाली ठेवली आणि बार्शीला पोरीला फोन लावला.

पोरगी, श्रावस्ती, बार्शीत डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती. तिनं बापाचं एक ऐकून घेतलं नाही. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन, डाव्याचं पुढं बघू, असं ठरवून ती त्यांना घेऊनच गेली.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा सुमनबाई समोर उभ्या होत्या. सर त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिले.

"साडी नवी का?"

"तीन वर्षं झाली. तुमीच नागपूरहून आणली."

"मी राखाडी आणली होती."

"तुमी राखाडी समजून आणली. हाय ती निळी. म्या म्हणलं, आणली हेच लई झालं, कशाला बोला."

सरांनी उजवा डोळा झाकून डाव्यानं बघितलं. साडी राखाडी. डावा झाकून उजव्यानं बघितलं. साडी निळी, अशी निळी की अशोकचक्राची आठवण व्हावी. मग दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत त्यांचा तोच उद्योग चालला. भिंत एका डोळ्याला पांढरी, दुसऱ्याला तुपासारखी. वॉचमनचा शर्ट एकात आकाशी, दुसऱ्यात मळका. शेजारच्या बाकावरच्या एका बाईंना मात्र हे म्हातारं आपल्याला आळीपाळीनं डोळे का मारतंय ते कळेना. श्रावस्तीनं घाईघाईनं बापाच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला.

घरी पाठवताना तिनं बजावलं, "महिनाभर वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, डोळ्यात धूळ जाऊ द्यायची नाही. आणि बाबा, वाचन बंद. नंबर काढून चष्मा मिळेपर्यंत जवळचं तुम्हाला तसंही दिसणार नाही."

बाकी सगळं ठीक होतं, पण वाचन बंद म्हणजे सरांना दाणापाणी बंद केल्यासारखं. घराच्या पुढच्या खोलीच्या तीन भिंती पुस्तकांच्या कपाटांनी झाकलेल्या होत्या. दरवर्षी ऑक्टोबरात दीक्षाभूमीवरून परतताना सरांच्या पिशवीत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त असायची. बार्शीचा रद्दीवाला तर त्यांच्यासाठी वेगळा ढीग काढून ठेवायचा. पुस्तकं विषयवार लावलेली, प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी, आणि इतिहासातलं पुस्तक भूगोलात गेलं तर सर दिवसभर नाराज. चौथ्या भिंतीपाशी सुमनबाईंचं शिलाई मशीन होतं. गावातली निम्मी ब्लाउजं त्या मशीनवरून गेलेली. पुस्तकांशी त्यांचं भांडण नव्हतं, भांडण होतं ते पुस्तकांवरच्या धुळीशी.

तर सर रोज सकाळी काळा चष्मा कपाळावर सरकवून कपाटांसमोर खुर्ची टाकून बसू लागले. अक्षरं दिसायची ती मुंग्यांच्या रांगेसारखी. पण रंग दिसायचे. आणि असे दिसायचे, की कुणीतरी येऊन कपाटच बदलून गेलंय असं वाटावं. ज्या कप्प्याला ते जुनाट समजत होते, तिथं पोपटी होतं, हळदी होतं, एक तर चक्क राणी रंगाचं होतं. पाटबंधाऱ्यांसारख्या रुक्ष विषयाला राणी रंगाचं वेष्टन कुणी दिलं असेल, या विचारानं त्यांना सकाळभर हसू येत राहिलं. नागपूरहून आणलेली निळी पुस्तकं निरनिराळ्या कप्प्यांतून डोकावत होती. ती सगळी एका जागी आणली तर कशी दिसतील, असं एकदा मनात आलं, आणि मग सरांना चैन पडेना.

"सुमन, आपण सगळी पुस्तकं रंगाप्रमाणं लावू."

"काय करायलाव? डोळ्याचं आप्रेशन झालंय का डोक्याचं?"

"मला वाकता येत नाही, तू खालचे कप्पे काढ. मी वरून सांगतो. ओल्या फडक्यानं पुसून घे, म्हणजे धूळही जाईल."

धुळीचं नाव काढल्यावर सुमनबाई तयार झाल्या. पदर खोचला, बादली आणली. सरांनी शाळेतल्यासारखा घसा खाकरला. "तानापिहिनिपाजा. तांबडा, नारंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. सात रंग, सात कप्पे. यात चुकायला काही जागाच नाही."

पहिलंच पुस्तक सुमनबाईंनी हातात घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं. "हे कुठं ठिवू?"

"तांबडं आहे की."

"तांबडं न्हाय. आमसुली हाय."

"आमसुली हा रंग इंद्रधनुष्यात नाही."

"मग तुमचं इंद्रधनुष्य माझ्या रिळाच्या डब्याएवढं बी न्हाय." सुमनबाईंनी मशीनखालून खरंच डबा ओढला, एक रीळ काढून पुस्तकाला लावलं. रंग तंतोतंत जुळला. "ह्यो आमसुली. ह्यो डाळिंबी. ह्यो विटकरी. तिन्ही एका कप्प्यात घातलं तर उद्या वाण्याच्या सुनेच्या आमसुली ब्लाउजाला म्या विटकरी दोरा घालीन, चालंल का?"

"तिला चालणार नाही, पुस्तकांना चालेल."

"दिसायला बरं दिसंल का ते सांगा."

सरांनी उजव्या डोळ्यानं नीट बघितलं आणि कबूल केलं, की बरं दिसणार नाही. तिथून सात कप्प्यांचा बेत मोडला तो मोडलाच. केतकी आली, अबोली आली, शेवाळी आली, मोरपंखी आली. सर म्हणाले, की मोरपंखी निळ्यात मोडतो. सुमनबाई म्हणाल्या हिरव्यात, आणि रिळं लावूनसुद्धा ते भांडण मिटेना. शेवटी मोरपंखी पुस्तकं निळ्या आणि हिरव्याच्या मधोमध, दोन्हीकडं नांदतील अशी उभी केली. पांढऱ्या आणि काळ्या पुस्तकांना विज्ञानात रंगच नाही म्हणून सर त्यांना बाहेर काढायला निघाले, तर सुमनबाईंनी त्यांना दाराच्या दोन्ही बाजूंना चौकटीसारखं लावून दिलं.

दोघांचं हे काम चार दिवस चाललं. चपात्या करपल्या, दोन ब्लाउजं राहून गेली. पण संध्याकाळचं ऊन खिडकीतून आत आलं, की खोली पैठणीचं दुकान मांडल्यागत दिसायची. सुमनबाईच शेजारणींना बोलावून दाखवू लागल्या.

आणि मग एके दिवशी दुपारी घाईघाईनं कोंडीराम आले. हे सरांचे जुने मित्र, गावाबाहेर मळ्यात राहणारे. नातीचं, राजेश्वरीचं, लग्न चार दिवसांवर आलेलं. हातात कुंथलगिरीच्या पेढ्याचा पुडा होता, पण चेहरा काळजीचा.

"सर, ते उखाण्याचं पुस्तक द्या बरं लगोलग. आमच्या कारभारणीनं, विठाबाईनं सांगितलंय, पुस्तक न घेता आलाव तर दारातच उभं राहा. राजेश्वरीला एक बी उखाणा येत न्हाय. सासरी उंबऱ्यावर अडीवलं तर काय मोबाइल बघून म्हणंल का?"

"कुठलं उखाण्याचं पुस्तक?"

"असं काय करायलाव? गेल्या वर्षी बार्शीच्या स्टँडवर आपुन दोघं मिळून घेतलं न्हाय का? म्या म्हणलं कशाला, तर तुमी म्हणलाव, कोंडीराम, हे लोकसाहित्य हाय."

"हां! मग सोपं आहे. लोकसाहित्य, खिडकीजवळ, तिसरा कप्पा." सर तोऱ्यात वळले आणि जागच्या जागी थांबले. खिडकीजवळच्या तिसऱ्या कप्प्यात आता सगळा पिवळा रंग होता. लोकसाहित्य चारही दिशांना पांगलेलं होतं.

सुमनबाई पुढं आल्या. "विषय सांगू नका. रंग सांगा."

"काळं," सर म्हणाले. "काळंभोर, त्यावर करड्या रंगाची फुलं. डोळ्यांसमोर आहे माझ्या."

दाराजवळची काळी पुस्तकं खाली आली. सापांचं निघालं, ग्रहणांचं निघालं, एक भुताखेतांचं निघालं. उखाण्यांचं नव्हतं.

"लगीनघरातलं पुस्तक काळं कोण छापंल ओ?" सुमनबाई म्हणाल्या. "भावजी, तुमाला काय आठवतंय?"

"मला तर लाल वाटतंय," कोंडीराम म्हणाले. मग लाल, डाळिंबी, विटकरी, आमसुली सगळी पुस्तकं जमिनीवर आली. सर वाकू शकत नव्हते म्हणून उभ्या उभ्या हुकूम सोडत होते, कोंडीराम गुडघ्यावर बसून एकेक नाव मोठ्यानं वाचत होते, आणि प्रत्येक नावागणिक त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. "पुस्तक न्हाय तर न्हाय, पण म्या आज घरी कसा जाऊ?"

सर खुर्चीत बसले. काळा चष्मा काढून हातात घेतला आणि एकदम ताडकन उठले.

"गेल्या वर्षी! गेल्या वर्षी मला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी ते पुस्तक काळं बघितलं. म्हणजे ते काळं नाही."

"मग कसलं हाय?"

"ते मला काय माहीत? पण ज्या डोळ्यानं चूक केली, तो डोळा अजून माझ्याजवळ आहे."

त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि नुसत्या डाव्या डोळ्यानं, पावलापावलानं कपाटापुढून चालू लागले. चार दिवस खपून लावलेलं सगळं वैभव एकदम मावळलं. पांढऱ्याचं तूप झालं, निळ्याची राख झाली, मोरपंखी तर कुठं गेला ते दिसेना. सरांना क्षणभर वाईटही वाटलं, पण त्याबरोबर सगळं ओळखीचंही वाटलं. गेली कित्येक वर्षं ते ह्याच खोलीत राहत होते. अगदी शेवटच्या कप्प्याशी येऊन ते थांबले, आणि काळ्या दिसणाऱ्या, करड्या फुलांच्या एका बारक्या पुस्तकावर बोट ठेवलं.

"हे बघ."

सुमनबाईंनी ते ओढून काढलं. गर्द जांभळं वेष्टन, त्यावर अबोली फुलं, आणि आत पहिल्या पानापासून उखाणेच उखाणे.

कोंडीरामांनी टाळीच वाजवली. "सर, तुमचा बाद डोळा लई कामाचा निघाला की!"

पेढ्याचा पुडा फुटला. कोंडीराम म्हणाले, "वैनी, पुस्तक नेतो खरं, पण आधी एक तुमच्या तोंडचा होऊ द्या. शुभशकुन म्हणून." सुमनबाई आधी नको नको म्हणाल्या, पुस्तकाचं पान उलटलं, मिटलं, नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाल्या,

"निळ्याला म्हणले राखाडी, जांभळ्याला काळं,
पिराजीरावांचं नाव घेते, नजरेपुढचं गेलं जाळं."

सर तोंडातला पेढा चघळायचं विसरले. "हे ह्या पुस्तकात आहे?"

"ह्या पुस्तकात तुमचं नाव कशाला छापतील?"

कोंडीरामांनी तो उखाणा दोनदा म्हणून पाठ केला आणि राजेश्वरीला नाव बदलून चालतोय का बघतो, असं म्हणत मोटारसायकलला किक मारली.

जमिनीवर पसरलेली लाल पुस्तकं परत लावायची होती. सुमनबाई फडकं घेऊन बसल्या. एक विटकरी पुस्तक पुसता पुसता त्यांनी उघडून बघितलं. कुणा एका बाईनं एकटीनं सायकलवर केलेल्या प्रवासाचं होतं. सरांनी ते रद्दीत घेतलं होतं आणि कधी उघडलं नव्हतं. "मोठ्यानं वाच की," सर म्हणाले. "मला बंदी आहे, ऐकायला नाही." सुमनबाईंनी तीनचार पानं मोठ्यानं वाचली. मग आवाज हळू झाला. मग नुसते ओठ हलू लागले. मग तेही थांबले आणि त्या एकट्याच हसल्या.

"काय झालं?"

"थांबा. घाटात हाय ती."

महिना संपल्यावर बार्शीला तपासणी झाली, चष्म्याचा नंबर निघाला. डॉक्टरांनी डाव्या डोळ्याची तारीख विचारली तेव्हा सर म्हणाले, "त्याची घाई नाही. तो मला संदर्भासाठी लागतो." डॉक्टरांना काही कळेना. सुमनबाई म्हणाल्या, "तुमी तारीख लिवा, डॉक्टर. संदर्भाला म्या हाय."

आठवड्यानं सर एकटेच बार्शीला जाऊन नवा चष्मा घालून घरी आले, हातपाय धुतले आणि महिनाभराच्या उपासानं वखवखल्यासारखे पुढच्या खोलीत गेले. त्यांच्या खुर्चीत सुमनबाई बसल्या होत्या. एक विटकरी, दोन अबोली आणि एक शेवाळी अशी पुस्तकं वाचून मशीनवर रचलेली होती, आणि हातात ते राणी रंगाचं, पाटबंधाऱ्यांचं.

"त्यात काय आहे एवढं?" सरांनी विचारलं.

"सीना नदीवर बंधारा बांधायलेत. निम्मं गाव व्हय म्हणतंय, निम्मं न्हाय. बसा तिथं."

सर मुकाट्यानं शिलाई मशीनच्या स्टुलावर बसले.