चेहऱ्यावरचं निदान

विज्ञानानं आईच्या पोटातला अंधार उजळून दाखवला, याहून थोर घटना मानवजातीच्या इतिहासात घडलेली नाही. त्या दिवशी मात्र धाराशिवच्या सोनोग्राफी सेंटरात वीज गेली होती आणि इन्व्हर्टरवर फक्त गणपतीच्या फोटोभोवतीची माळ लुकलुकत होती.

ढोकीची दैवशाला तिसऱ्या महिन्याचं पोट आणि प्यायला लावलेलं तांब्याभर पाणी सांभाळत बाकावर बसली होती. आधीची दोन्ही पोटं तिसऱ्यातच गेलेली. हे टिकावं म्हणून सासू द्वारकाबाईंनी तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. नवरा योगीराज दाराबाहेर सगळ्यांच्या चपला राखत होता. पुरुषानं अशा ठिकाणी करायचं दुसरं काम अजून निघालेलं नाही.

भिंतीवर पाटी होती, इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. द्वारकाबाईंना वाचता येत नव्हतं, पण पाटी पाठ होती.

"बोलायची बंदी हाय, चेहऱ्याला कुठं बंदी हाय?" त्या सुनेच्या कानाशी लागल्या. "डॉक्टरीण हसली की पोरगा, गप बसली की पोरगी. आपल्या आळीत समद्यांना असंच कळलंय."

"आन् पोरगी निघाली तर, आत्याबाई?"

"निघू दे की. आमचं ठरलंय."

खरंच ठरलं होतं. त्यासाठी दोन रात्री घर जागलं, थोरला दीर रुसून शेतात झोपायला गेला आणि तो नसल्यामुळं ठराव एकमतानं मंजूर झाला.

वीज आली. आत दैवशालाच्या पोटावर गार चिकटा पसरला. डॉक्टरीणबाई आधी गप्पा मारत होत्या, ढोकीला ऊस कसा आहे वगैरे. मग त्यांचा हात एकाच जागी फिरून फिरून येऊ लागला आणि ऊस अर्ध्यावरच राहिला.

द्वारकाबाईंनी सुनेचा खांदा थोपटला. "कळलं गं बाई." मग डॉक्टरणीला म्हणाल्या, "तुमी कायबी बोलू नगा. उगं तुमच्यावर बालंट. आमाला पोरगी चालती. लई चालती. नाव सुदिक काढून ठिवलंय."

"आजी, ते नाही. बाळाच्या मानेमागं फार पाणी साठलंय. अंगावरही सूज आहे. घडणीतच, गुणसूत्रांतच दोष असावा. नक्की कळायला सोलापूरला तपासणी करावी लागेल. पण तुम्हाला खोटी आशा लावत नाही, हे बाळ टिकणं फार अवघड आहे."

द्वारकाबाईंनी दाराकडं पाहून आवाज उतरवला. "बेस आडून सांगितलं. भाईर कुणी ऐकत असलं तरी त्याला पत्ता लागायचा न्हाय."

दैवशालाला मात्र लागला होता. ती पडद्याकडं बघायची थांबली आणि छताकडं बघू लागली.

योगीराजला आत बोलावलं. चपला हातात घेऊनच तो आला. डॉक्टरीणबाईंनी सगळं पुन्हा सांगितलं, हळू, एकेक शब्द. त्यानं चपला या हातातून त्या हातात घेतल्या.

"म्हंजी... हे बी गेलं का?"

"ठोका आहे अजून. किती दिवस राहील, ते मलाही सांगता येत नाही."

आता द्वारकाबाईंचा चेहरा उतरला. "आवं पण आमाला पोरगी चालती म्हणलं की!"

त्यांनी डॉक्टरणीचं मनगट धरलं.

"पोरगीच हाय म्हणा की, बाई. तेवढंच हाय, दुसरं काय न्हाय, असं म्हणा. एकडाव म्हणा. म्या कुणाला सांगत न्हाय."

डॉक्टरीणबाई गप्पच राहिल्या. या गप्प बसण्याचा अर्थ आळीतल्या कुणी द्वारकाबाईंना शिकवला नव्हता. त्या मनगट धरून तशाच उभ्या राहिल्या.

"आत्याबाई, सोडा त्यांचा हात," दैवशाला छताकडं बघतच म्हणाली. मग डॉक्टरणीला, "बाई, पोटावरचं हे पुसायला एखादं फडकं द्या की. लई गार लागतंय."