पन्नास वारांचा घेर

निपाणीच्या मुलींच्या शाळेत शिकवून ब्राह्मी पायी घरी आली, तेव्हा त्यांच्या ओळीतल्या चौदाच्या चौदा घरांवर चुन्याच्या फुल्या मारलेल्या होत्या. तिचे वडील आप्पाण्णा कट्ट्यावर बसून फुलीकडं बघत होते.

"आठ दिसांत घरं पाडायची," ते म्हणाले. "हिरीपासनं पन्नास वाराच्या आत हाईत म्हणं."

त्या साली गावात पटकीनं नऊ माणसं नेली होती. मग हुकूम निघाला, की पिण्याच्या विहिरीभोवती पन्नास वारांत राहतं घर किंवा गोठा असू नये. ब्राह्मीला हुकूम मान्य होता. नऊतली एक तिची आई होती.

"मोजलं कुणी?"

"ओव्हरसियरनं. हिरीच्या काठाला फीत धरली आन् आपल्या आन् शेजारच्या मनुबाईच्या भिंतीच्या सांध्यापतोर आणली. साडेएकोणपन्नास भरलं."

"आणि बाकीची घरं?"

"बाकीची कशाला मोजंल? ओळ एकच की."

ब्राह्मीनं फुल्यांच्या ओळीवरनं नजर फिरवली. फीत एकदा लावायची आणि चौदा चुली विझवायच्या. पलीकडं विहिरीच्या मावळतीला, चावडीत ज्यांचा शब्द चालायचा त्या आण्णासाहेबांची तंबाखूची वखार होती, विहिरीपासनं तीस वारांवर. तिच्यावर फुली नव्हती. आणि शेवटच्या घरातला परशराम तर कौलं उतरवायलाही लागला होता. ओव्हरसियरइतकाच तिला त्याचाही राग आला.

ती तशीच चावडीवर गेली. ओव्हरसियर चहा पीत होता.

"साहेब, ओळ सरळ आहे आणि हद्द गोल आहे. ओळीचा मधला तुकडा आत असेल. टोकाची घरं आत कशी येतील?"

"बाई, ओळ आत आहे. आत म्हणजे आत."

"ओळीतली एक जागा आत आहे. तुम्ही तेवढीच मोजलीत."

त्यानं बशी खाली ठेवली. "गोल आणि सरळ पोरींना शिकवा. इथं सरकारी काम चाललंय." चावडीतले दोघेतिघे हसले. त्यांतला एक तिच्याच ओळीतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कापड मोजायचा गज आणला आणि कासऱ्याला वारावारावर गाठी मारल्या. दोराचं दुसरं टोक धरायला ओळीतलं कुणी पुढं येईना. शेवटी शेजारची म्हातारी मनुबाई पदर खोचून आली.

"मला कळत न्हाय काय, पर धरते," ती म्हणाली. "फुली मारताना त्यो माझ्या तुळशीला लाथ लावून गेलाय."

विहिरीपासनं दोघी नीट उगवतीला चालत गेल्या. सत्तर वारांवर ओळीचं एक टोक, परशरामाचं घर, लागलं. मग विहिरीपासनं नीट उत्तरेला गेल्या. तिथंही सत्तर वारांवर ओळीचं दुसरं टोक आलं. ब्राह्मी कट्ट्यावर पाटी घेऊन बसली.

बेळगावला शिकत असताना ती शहापुरात आत्याकडं राहायची. आत्याच्या मागावर खटखट चाललेली असायची आणि ती कोपऱ्यात बीजगणित सोडवायची. विहीर म्हणजे शून्य. उगवतीकडचं अंतर क्ष, उत्तरेकडचं य. दोन्ही टोकं सत्तरावर, म्हणून ओळीतल्या कुठल्याही जागी क्ष आणि य यांची बेरीज सत्तरच. आणि हद्दीच्या घेरावर क्षचा वर्ग अधिक यचा वर्ग म्हणजे पन्नासाचा वर्ग, अडीच हजार. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होतील तिथं ओळ घेराला कापणार. तिनं यच्या जागी सत्तर वजा क्ष घातलं, कंस सोडवला, दोनानं भागलं. क्षच्या दोन किमती आल्या, तीस आणि चाळीस. म्हणजे जागाही दोनच. एका जागी उगवतीला तीस, उत्तरेला चाळीस. दुसऱ्या जागी उलट.

त्या दोन जागांमध्ये जेमतेम चौदा वार. तिनं उठून त्या जागी खुंट्या ठोकल्या. मधे दोनच घरं आली, सातवं आणि आठवं. सातवं मनुबाईचं आणि आठवं त्यांचं स्वतःचं.

ती परत येऊन बसली आणि सगळं पुसून पुन्हा मांडलं. पेन्सिल इतकी दाबली की मोडली. उत्तर तेच.

"ह्ये तू मामलेदाराला दावणार?" आप्पाण्णांनी विचारलं. "आपलंच घर आत हाय म्हणून?"

"मी कुठं आत आणलंय? हाय ते हाय."

"बाकीच्यांनी तुझ्या दोराचं टोक धरलं न्हाय. त्यांच्यापायी आपण उघडं पडायचं?"

ती जास्तच चिडली. "मग खोटं मांडू? ओव्हरसियरनं खोटं मांडलं म्हणूनच बोलतीय न्हवं मी?"

गुरुवारी मामलेदार पाहणीला आले. सगळी ओळ लांब उभी राहिली. ब्राह्मीनं पाटी पुढं केली आणि तोंडानं सगळं सांगितलं. ओव्हरसियर हसायला लागला, तेव्हा ती त्याच्याकडं न बघता मामलेदारांना म्हणाली, "गणितावर विश्वास नको. सहाव्या घराला फीत लावा. नवव्याला लावा. पन्नासाच्या आत भरली, तर सगळ्यांत आधी माझं घर पाडा."

फीत लावली. सहाव्याच्या दारापाशी पन्नासाच्या वर. नवव्यालाही वर. परशरामाच्या घराशी सत्तर. ओव्हरसियरचं हसू विरलं. मामलेदारांनी बारा फुल्या पुसायला सांगितल्या.

"या दोन घरांचंही ऐका," ब्राह्मी म्हणाली. "आत आलीय ती फक्त पुढची भिंत, तीही सर्वांत जास्त अर्धा वार. घरं हद्दीबाहेरच आहेत. भिंत सव्वा हात मागं घेतली की हुकूम पाळला जातो."

मामलेदारांनी पाटीकडं, मग भिंतीकडं बघितलं. "घ्या मागं."

"आणि ही वखार? तीस वारांवर आहे. तंबाखूची कुजकी पानं धुतलेलं पाणी विहिरीच्या अंगाला मुरतं."

"हुकमात राहतं घर लिहिलंय, बाई. वखारीत कुणी राहत नाही."

"आठ बाया दिवसभर तंबाखू निवडतात तिथं. पटकी काय घर आणि वखार बघून येते?"

मामलेदारांनी घड्याळ बघितलं. "लेखी द्या."

तिनं त्याच दिवशी लेखी दिलं.

ओव्हरसियरनं मात्र दोन्ही भिंती दुसऱ्याच दिवशी पाडायला लावल्या, स्वतःच्या डोळ्यांदेखत. मनुबाईचं घर उघडं पडलं. आतली मडकी, गोधड्या, खाटेवरचा तिचा आजारी नवरा, सगळं रस्त्यावरून दिसायला लागलं. मनुबाई ब्राह्मीपुढं येऊन उभी राहिली.

"बारा घरं राखलीस. माझा म्हातारा चव्हाट्यावर आणलास."

ब्राह्मीला ओरडून सांगायचं होतं, की नाहीतर घरच गेलं असतं. ते खरं होतं. पण तिची नजर खाटेवरच्या माणसाकडं गेली. ती वळली आणि थेट परशरामाच्या दारात गेली. तो उतरवलेली कौलं परत चढवत होता.

"खाली उतर," ती म्हणाली.

"आक्का, एवढी शेवटची..."

"उतर. आधी मनुबाईची भिंत. तुझं छप्पर गेलं असतं, ते कुणाच्या दोरानं राहिलं ते तुला ठाऊक हाय."

ती दारोदार गेली. कुणाशी गोड बोलली नाही. बारा घरांतनं अकरा माणसं आली. चार दिवसांत मनुबाईची भिंत उभी राहिली, मग आप्पाण्णांची. ब्राह्मी शाळेतनं आली की चिखल तुडवायला उतरायची. मनुबाई तिच्याशी बोलत नव्हती, पण पाण्याची घागर तिच्याजवळ आणून ठेवायची.

महिन्याभरानं कागद आला. वखारीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. ब्राह्मीची बदली जांबोटीला झाली होती, घाटात, जिथं पावसाळ्यात चार-चार दिवस वाट बंद असते.

आप्पाण्णांनी कागद उलटसुलट करून बघितला. "आण्णासाहेबाला भेटू का? त्याच्या शब्दानं बदली थांबंल."

"त्याच्या शब्दानंच निघालीय ती," ब्राह्मी म्हणाली. "तुमी त्याच्या दारात गेलासा, तर मी ह्या दारात परत येणार न्हाय."

तिनं कपड्यांची ट्रंक ओढली. मग ती तशीच उघडी ठेवून ती खाली बसली, दौत जवळ घेतली, आणि वखारीबद्दलचा दुसरा अर्ज लिहायला लागली. या वेळी मामलेदारांच्या वरच्या साहेबांना.