एका सिग्नलला एक बुक्की

दुपारी तीन वाजता निनाद स्वतःच्याच घरासमोर, कचऱ्याच्या डब्यांमागे, बॅट घेऊन दबा धरून बसला होता, कारण त्याचा लोकशाहीवर विश्वास होता.

लोकशाही म्हणजे क्रेग पेनिफोल्ड. आमदारकीला उभा राहिलेला अपक्ष. पॉइंट कुकच्या त्यांच्या वस्तीतून शाळेकडे जाताना एक राउंडअबाउट लागतो. तिथे गाडीवाले माणसांना खिजगणतीत धरत नाहीत. सप्टेंबरमध्ये एका यूटने, म्हणजे त्या मागून उघड्या गाडीने, निनादच्या बायकोला उडवलं. मयूराचा पाय दोन ठिकाणी मोडला. यूटवाल्याने खाली उतरून आधी बंपर पाहिला. आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी, कादंबरी, रोज तिथूनच रस्ता ओलांडायची.

"सिग्नल बसवतो," असं क्रेग त्यांच्या घरी चहा पिताना म्हणाला होता. निनाद पक्का. त्याने क्रेगला बेलभंडारा उचलायला लावला. खंडोबाची शपथ; मोडली तर वंशाचं काही खरं नाही. भंडारा म्हणून वेरिबीच्या दुकानातली हळद होती. बेलाचं पान मिळालं नाही म्हणून कढीपत्ता. क्रेगला वाटलं फोटोसाठी आहे. त्याने दोनदा उचलला.

"कढीपत्त्यावरची शपथ फोडणीलाच जाणार," मयूरा म्हणाली होती.

तरी निनादने अंगणात क्रेगच्या हसऱ्या चेहऱ्याचा बोर्ड लावला. कोणीतरी तो मोडला. दुसरा लावला, तोही मोडला. आठवड्यात चार झाले. पाचव्यासाठी निनादने रजा टाकली.

सव्वातीनला टोपी खाली ओढलेला एक माणूस आला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, बोर्डाला लाथ घातली आणि आडव्या पडलेल्या क्रेगच्या नाकावर दोन्ही पायांनी उड्या मारू लागला. निनादने मागून बॅट घातली. बरगडीचा आवाज आला. दुसरी गुडघ्यामागे. माणूस कोसळला, टोपी उडाली आणि गवतावर एकाच माणसाची दोन तोंडं शेजारी शेजारी आली. त्यातलं एक हसत होतं.

"मेट," न हसणारं म्हणालं, "मी आहे."

"तू स्वतःचाच बोर्ड मोडतोयस?"

"विरोधक मोडतच नाहीत रे! तीन आठवडे वाट पाहिली." क्रेग कण्हत उठून बसला. "मोडलेल्या बोर्डाची निदान चार ओळी बातमी येते. आणि आता तर..." त्याने बरगडी चाचपली आणि त्याचे डोळे चमकले. "मोडलेला उमेदवार! पण हे शर्टाच्या आत आहे. तोंडावर दे ना एक. सिग्नल पहिल्या दिवशी."

निनादने बॅट उचलली.

"बॅट नको!" दारातून कुबड्यांवर उभी मयूरा ओरडली. "मेला तर सिग्नल कोण बसवणार?"

म्हणून निनादने बुक्की मारली. नाक मोडलं. निनाद ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करणाऱ्या वर्कशॉपमध्ये कामाला होता, त्यामुळे नुसत्या आवाजावरून त्याला नुकसान कळायचं. हा पार्ट बदलण्याइतका होता.

"ही सिग्नलची."

"डन," क्रेग रक्त थुंकत म्हणाला.

"आणि वस्तीतून बाहेर पडायला दुसरा रस्ता?" बुक्की. ओठ फाटला.

"डन."

"दर पाच मिनिटांनी ट्रेन." बुक्की. एक दात गवतात गेला.

"डन."

"माझ्या आईच्या व्हिसाला सहा वर्षं झाली..."

"ते फेडरल आहे, मेट! माझ्या अखत्यारीत नाही! त्याची मारू नकोस!"

त्याचीही बसली.

"बघतो," क्रेग म्हणाला.

निनाद थांबला. त्याला कसली तरी शंका आली. या वेळी हात न उचलताच त्याने विचारलं, "इथून जिलाँगपर्यंत समुद्रावर पूल?"

"डन."

"डिसेंबरात, इथल्या भर उन्हाळ्यात, शाळेत बर्फ पाडशील?"

"पहिल्या शंभर दिवसांत."

निनादने मूठ सोडली. हळदीपुढेही क्रेग असाच, याच वेगाने डन म्हणाला होता. आणि आता हे तोंड टीव्हीवर दिसलं की तो निवडून येणार. प्रचार निनादने स्वतःच्या हाताने केला होता.

"मयूरा, फ्रीजरमधले मटार आण! आणि तुझं फाउंडेशन!"

"कशाला?"

"याला दुरुस्त करायचंय. धड दिसला की पडेल."

निनाद क्रेगच्या छातीवर बसला आणि दोन्ही अंगठ्यांनी नाक सरळ करू लागला. मोडताना मारली नव्हती अशी किंकाळी क्रेगने आता मारली.

"सोड! माझ्या जखमा आहेत! मी कमावल्यात!"

मयूराने प्लॅस्टरचा पाय त्याच्या हातावर ठेवला आणि फाउंडेशन थापायला घेतलं. ते गव्हाळ रंगाचं होतं. क्रेगची डावी बाजू हळूहळू मराठी दिसू लागली.

"अरे, थांब," मयूरा म्हणाली. "याने तर मतं वाढतील."

तेवढ्यात क्रेगने निनादचा अंगठा हाडापर्यंत चावला, उसळी मारली आणि लंगडत, मागे बघत, थेट राउंडअबाउटवर धावला. डावीकडून यूट आली.

निनाद पोचला तेव्हा क्रेगचा एक पाय भलत्याच दिशेला बघत होता. निनादने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "आता तरी कळलं?"

क्रेग डन म्हणाला नाही. तो लहान मुलासारखा रडत होता. "खरंच काहीतरी करायला हवं इथे," एवढंच तो म्हणाला. निनादने डोळे पुसले आणि, काय करणार, पुन्हा विश्वास ठेवला.

टीव्हीवर क्रेगने हल्लेखोर पाच सांगितले. तो जिंकला. राउंडअबाउटवर खरोखर काम सुरू झालं, ताडपत्र्या लागल्या. फेब्रुवारीत, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, व्हीलचेअरवरून त्याने फीत कापली. ताडपत्री खाली आली. दोन्ही फुटपाथांवर छातीइतकं उंच लोखंडी कुंपण होतं आणि त्यावर पाटी: पादचाऱ्यांना बंदी.

"इथे यापुढे एकही माणूस जखमी होणार नाही," क्रेग म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाळा आता वळसा घालून तीन किलोमीटर होती आणि त्या रस्त्याला फुटपाथच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयूराने कादंबरीचं दप्तर कुंपणापलीकडे टाकलं, मग दुखरा पाय आधी टाकून स्वतः उतरली. निनादने पोरीला काखेत धरून वर उचललं.

"डॅड, इज धिस लीगल?"

"नाही," निनाद म्हणाला. "दोन्हीकडे बघ, आणि आई म्हणेल तेव्हा पळ."

यूटवाले हॉर्न वाजवत होते. मयूराने रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात वर केला.