म्हातारीला सोबत

बाबा शेवटी नाहूरला घरी पोचले, गरम भात जेवले आणि ताटातच हात धुतला म्हणून आईची बोलणी खाल्ली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलेलं नाही. बाबा घरी पोचलेले नाहीत, कारण ते अजून घरातून निघालेलेच नाहीत. आत्ता फक्त एवढंच झालंय की पेट्रिशिया आंटी दाराबाहेर आल्या आहेत.

पेट्रिशिया आंटी म्हणजे माझ्या पार्टनरची, शेर्विनची, आत्या. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. तिथे आम्ही दोघं बिअर बनवतो आणि तिथेच टेबलं मांडून विकतो. गाळ्याच्या मागच्या भिंतीपलीकडे शेर्विनचं गावठाण. त्यांच्या घरात लग्नकार्याला तांदळाची एक घरगुती बिअर लागायची, आणि ती ज्या विरजणावर व्हायची ते विरजण एका चिनी मातीच्या बरणीत पिढ्यान्‌पिढ्या जिवंत होतं. घरातले त्याला म्हातारी म्हणत. म्हातारीला रोज मूठभर शिजलेला भात घालायचा, आणि तिला एकटं सोडायचं नाही. कोणीतरी कायम तिच्याजवळ बसलेलं पाहिजे. सोबत.

ते कोणीतरी म्हणजे आंटी. लग्न ठरलेलं असताना त्या बरणीशेजारच्या खुर्चीत बसल्या आणि राहिल्या. मोरीत जायच्या, चुलीपाशी जायच्या, परत येऊन बसायच्या. उंबरठ्याबाहेर नाही. चर्चचे फादर घरी येऊन कम्युनियनचा प्रसाद देऊन जायचे. गावठाणात सगळे म्हणायचे, पेट्रिशियाचे पाय दुखतात.

शेर्विन कितीतरी वेळा त्यांच्याकडे म्हातारीतला चमचाभर मागत होता. आपल्या मातीतली बिअर, आपल्या घरची बिअर, लोक वेडे होतील, वगैरे. आंटी नाही म्हणायच्या. मग एक दिवस त्यांनीच बोलावलं.

"न्या," त्या म्हणाल्या. "बरणीसकट न्या."

"आंटी, थोडंसं दिलंत तरी चालेल," मी म्हटलं. "आम्ही वाढवतो."

"थोडं नाय. सगळी न्या. आणि सोबतीचं ध्यानात ठेव रं शेर्विन. एका बरणीला एक माणूस."

"हो हो."

"हो हो नको. एका बरणीला एक."

शेर्विन बरणी कडेवर घेऊन निघाला. वळणावर मी मागे पाहिलं. आंटी दाराबाहेर उन्हात उभ्या होत्या. एवढ्या उंच आहेत हे मला माहीत नव्हतं. पायात चपला नव्हत्या, कारण त्यांच्याकडे चपलाच नव्हत्या.

छोट्या कृतीची मोठी कृती करणं हा आमचा धंदा. शेर्विनने आंटींची कृती लॅपटॉपवर भरली. तांदूळ, आलं, मिरी, पाणी, आणि सगळ्यात खाली गंमत म्हणून, बसणारं माणूस: एक. आमची टाकी बरणीच्या शंभरपट. त्याने अख्ख्या रकान्याला शंभराने गुणलं. शेवटच्या ओळीत शंभर आले. आम्ही पोट धरून हसलो.

"आपल्याकडे खुर्च्या किती?" मी विचारलं.

"नव्वद. दहा मागव."

मी मागवल्या. बिअरवाल्याचा हिशेब चुकता कामा नये.

म्हातारी टाकीत गेली त्या दिवसापासून आमचा वॉचमन नंदू घरी जायचा बंद झाला. टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचा. घरून फोन आला की म्हणायचा, "निघतोच." आम्ही ती निष्ठा समजलो. त्याला एक गणवेशही शिवला.

बिअर तयार झाली तेव्हा आम्ही तिला नावही 'म्हातारी' दिलं. चव काय सांगू. गरम भाताचा वास, मागून आल्याचा ठसका, आणि शेवटी कुणीतरी आपल्याला नावाने हाक मारून थांबल्यासारखं. लोक आले. प्यायले. बसले.

बसले ते बसलेच.

सुरुवातीला ध्यानात आलं नाही. बारमध्ये माणूस बसलेला असणं ही तक्रार नसते. चैतन्य नावाचा एक मुलगा होता, कुठल्यातरी स्टुडिओत एडिटर. तो चार्जर लावून बसला आणि तिथूनच काम करायला लागला. त्याच्या ऑफिसला फरक कळला नाही. एका सोसायटीची वार्षिक सभा आमच्याकडे भरली आणि अजून विषय क्रमांक दोनवर आहे. एक बाई नवऱ्याला ओढून न्यायला आली, दमली म्हणून टेकली, घसा सुकला म्हणून घोटभर घेतली. आता दोघं शेजारी शेजारी. सगळे शेंगदाणे मागवायचे, मोरीला जाऊन यायचे, आणि फोन वाजला की म्हणायचे, निघतोच. निघतेच. बस, निघालोच. मुंबईत या वाक्यावर कोणी संशय घेत नाही.

मग उत्पादन शुल्क खात्याकडे कुणीतरी तक्रार केली की आमची गिऱ्हाइकं घरी परत येत नाहीत. खात्यातून चंद्रप्रकाश नावाचे निरीक्षक आले. कडक माणूस. टाकी तपासली, परवाना तपासला, नमुना म्हणून एक ग्लास घेतला, आणि अहवाल लिहायला खुर्ची ओढली. अहवालात सर्व काही नियमानुसार आहे असं लिहिलं. मग अहवालाची घडी करून खिशात ठेवली आणि टाकीकडे बघत बसले.

सगळेच टाकीकडे बघत बसायचे. खुर्च्या कोणी सरकवत नव्हतं, तरी रोज झाडू मारताना फरशीवर नवे ओरखडे दिसायचे. अर्धवर्तुळ लहान होत चाललं होतं. टाकीच्या नळीतून बुडबुडा आला की सगळे एकदम गिळायचे. तोंडात काही नसलं तरी.

मला आणि शेर्विनला काही होत नव्हतं. आम्ही कायम टाकीच्या बाजूला उभ्याने चाखतो, धंद्याची सवय. हे लक्षात आल्यावर मी गाळ्यात बसणंच सोडलं. शेर्विननेही सोडलं. आम्ही भिंतीला टेकून जेवायचो आणि त्याबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलायचो नाही.

"धंदा झकास आहे ना?" शेर्विन म्हणायचा.

"झकास," मी म्हणायचो.

फक्त शेवटची, शंभरावी खुर्ची मी घडी करून बाटल्यांच्या क्रेटमागे लपवली होती. का ते त्याने विचारलं नाही.

आता बाबा निघतात.

बाबा, म्हणजे दत्ताराम. गिरणी होती तोवर गिरणीत होते, मग मुलुंडला एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले, कधीही न झाडता. मुलगा बिअर बनवतो हे त्यांनी नातेवाइकांना सांगितलेलं नाही. गावाला कुणी विचारलं तर सांगायचे, "पाण्याच्या कंपनीत आसा." मी बोलावून बोलावून थकलो, ते गाळ्यावर कधी आले नव्हते. पण एवढ्यात मी घरी गेलो की नीट जेवत नव्हतो, रात्रीचा दचकून उभा राहायचो, म्हणून आईने डबा देऊन त्यांना पाठवलं. बघून या म्हणाली, पोर काय करतं.

मी मागे पिंपं धूत होतो. पुढे आलो तर दुपारच्या उजेडात बाबा बसलेले. हातात ग्लास. क्रेटमागची खुर्ची त्यांनीच शोधून उघडली होती. आयुष्यभर उभं राहिलेल्या माणसाला लपवलेली खुर्ची बरोबर दिसते.

"काकांना म्हटलं घ्या, तुमच्या मुलाच्या हातची आहे," शेर्विन म्हणाला. "मला वाटलं उभ्यानेच घेतील."

"बाबा, उठा."

"बसलंय जरा," बाबा म्हणाले. "थंडगार आसा हय. बरी केलंस रे बिअर. मी उगाच पाणी सांगी होतंय."

ही शाबासकी ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो. ती अशी मिळाली.

"घरी चला. आई वाट बघतेय."

"निघतंच मां," बाबा म्हणाले, आणि टाकीकडे वळले. नळीतून बुडबुडा आला. शंभर जणांनी गिळलं.

आईचा फोन आला. "हेंका मगाशीच धाडलंय. पोचले काय?"

"पोचले."

"मग? निघाले काय? भात निवता हयसर."

"निघतायत," मी म्हटलं, आणि माझ्याच तोंडून ते ऐकून फोन बंद केला.

मी गावठाणात पळालो. आंटींच्या घराला कुलूप. त्या घराला कुलूप लागतं हे शेजाऱ्यांना अजूनही नवलाचं होतं, सगळे येऊन कुलूप बघून जात होते. तेवढ्यात आंटी गल्लीतून येताना दिसल्या. पायात पांढरेशुभ्र बूट. मेट्रोने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या होत्या. उतरल्या कुठेच नाहीत, हे रोजचंच चाललं होतं म्हणे.

"किती बसले?" त्यांनी मला बघताच विचारलं.

"शंभर. माझे बाबा शेवटचे."

"एवढे बसतील असं नव्हतं वाटलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"सांगितलं होतं ना, एका बरणीला एक."

"आंटी, उठता येत नाही हे नव्हतं सांगितलंत!"

"सांगितलं असतं तर नेली असती काय?" त्यांनी बुटावरची धूळ झटकली. "चल. शंभर बरण्या केल्यास, तर शंभर बसले. कमी कर. ओत. जितकी कमी होईल तितके उठतील, जो आधी बसला तो आधी."

"सगळी ओततो."

"सगळी नाय." आंटींनी माझा हात धरला. "ह्युबर्ट मामाने ओतली होती. माझी आई बसली होती तेव्हा. बरणी उपडी केली आन् म्हणाला, सुटलीस बहिणी. बरणी धुवायची राहिली, म्हणून तळाला म्हातारी वाचली. आई नाय वाचली. हातातला पेला पण खाली पडला नाय तिचा. एक बरणी ठेवायचीच. आन् एक माणूस."

आम्ही टाकीचा खालचा नळ गटाराकडे सोडला. आधी नंदू उठला. आळोखेपिळोखे दिले, आपल्या नव्या गणवेशाकडे नवलाने बघितलं आणि घरी गेला. मग चैतन्यने चार्जर काढला. नवराबायको भांडत गेले. सोसायटीची सभा आभारप्रदर्शनाशिवाय संपली. चंद्रप्रकाश साहेबांनी घड्याळ बघितलं, "पाच मिनिटांत तपासणी झाली, सहकार्याबद्दल धन्यवाद," म्हणाले आणि जीपकडे चालायला लागले. एकेक खुर्ची मोकळी होत होती. कोणाला काही आठवत नव्हतं. मागे वळून मात्र एकानेही बघितलं नाही.

टाकी तळाला आली. उरलेलं मी त्याच बरणीत उतरवून घेतलं. काठोकाठ भरली. गाळ्यात एकच माणूस बसलेलं होतं.

"बाबा?"

"निघतंच," बाबा म्हणाले.

बरणीत बुडबुडा आला. बाबांनी गिळलं.

शेर्विनचा फोन वाजला. निदान तो तसं म्हणाला, मला ऐकू आला नव्हता. "एक मिनिट हां सिद्धेश, आलोच," म्हणून तो शटरबाहेर गेला. तो अजून येतोय.

आंटी बाबांच्या समोर उभ्या होत्या. बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग खाली वाकल्या आणि बुटाची नाडी सोडायला लागल्या. गाठ सुटेना. बांधायला त्या शिकल्या होत्या, सोडायची वेळ अजून आली नसावी. तरी ओढत होत्या.

"असू दे आंटी," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. पण नाडी तशीच हातातून सोडून दिली. मी विचार बदलेन म्हणून की काय, वाकलेल्याच दाराकडे गेल्या आणि शटरखालून बाहेर पडल्या. बुटांचा आवाज गल्लीभर ऐकू येत राहिला. भराभर.

मी बरणीतून ग्लास भरला, बाबांशेजारी खुर्ची लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी बिअर बसून प्यायलो. चांगली होती. शेवटी कोणीतरी हाक मारून थांबायचं, तसं आता थांबलं नाही. पूर्ण नाव घेतलं.

बाबा ताडकन उठले. कपाळाला हात लावला, डबा उचलला. "चल रे झिला, आवस वाट बघता. तू खय बसलंस?"

"निघतोच, बाबा," मी म्हटलं. "तुम्ही व्हा पुढे."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. डबा माझ्या मांडीवर ठेवला. मग गेले. पुढचं तुम्ही वाचलेलं नाही.

म्हातारीला मी डब्यातला मूठभर भात घातला. उरलेल्या वेळात खालील अर्ज लिहिला आहे. येईल त्याच्या हाती देतो, म्हणजे अजून कोणाच्या हाती दिलेला नाही.

प्रति,
मा. निरीक्षक श्री. चंद्रप्रकाश साहेब,
उत्पादन शुल्क

विषय: एक संध्याकाळ उठण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

सदर गाळ्यात आपण स्वतः काही काळ बसून होता, त्यामुळे परिस्थितीची आपणांस कल्पना असेलच. नसल्यास अहवाल आपल्या खिशात आहे. तरी अर्जदारास नाहूर येथे जाऊन, गरम असतानाच, एक वेळ जेवून येण्याची परवानगी द्यावी, व तेवढ्या कालावधीकरिता आपल्या कार्यालयातील एक कर्मचारी, शक्यतो अविवाहित व घरी कोणी वाट पाहत नसलेला, बरणीजवळ बसण्यासाठी पाठवावा, ही नम्र विनंती.