मुद्देमाल झालेली बर्फपेटी

मी एक जुनी बर्फपेटी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. वास येतोय, मला माहीत आहे. पण तो माझा नव्हे. माणसांनी तो माझ्यात भरला आणि वर मलाच घाणेरडी म्हणाले. शी! आठवलं तरी अंगावर काटा येतो.

माझा जन्म प्लॅस्टिकच्या कारखान्यात झाला. आत एक भांडं, बाहेर एक भांडं, मधे थंडी धरून ठेवणारा जाड थर आणि वर घट्ट झाकण. तिथून मी जनावरांच्या दवाखान्यात आले. आजारी जनावराचं रक्त, दूध, त्याचा चारा यांचे नमुने बर्फात घालून प्रयोगशाळेत पोहोचवायचे, हे माझं काम. तिथल्या डॉक्टरीणबाई फार कडक. प्रत्येक फेरीनंतर त्या मला स्वतः घासायच्या आणि उन्हात पालथी घालायच्या. माझ्या अंगावर त्यांनी लाल रंगात ‘फक्त नमुन्यांसाठी’ असं लिहून घेतलं होतं. काय चकाचक दिवस होते ते!

मग एकदा मोठ्या कचेरीत सराव ठरला. कुणी मुद्दाम जनावरांत रोग पसरवला, चाऱ्यात किंवा दुधात काही कालवलं, तर पशुवैद्य, पोलीस, अन्न खातं आणि आरोग्य खातं यांनी मिळून कसं धावायचं, याचा तो सराव. मला टेबलावर मधोमध ठेवलं. चारी खात्यांच्या साहेबांनी माझ्यावर हात ठेवून फोटो काढून घेतले. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले होते. तेवढ्यात डॉक्टरीणबाई उठल्या.

“साहेब, एक विचारू? पोलीस आले की ही पेटी कुणाच्या ताब्यात राहणार?”

“अहो बाई, ते वेळेवर बघू,” मोठे साहेब म्हणाले. “जेवण गार होतंय.”

सगळे हसले आणि जेवायला गेले. जेवणानंतर काय केलं असेल त्यांनी? उरलेले तळलेले मासे माझ्यात कोंबून एकाने घरी नेले! लाल अक्षरं काय त्याला दिसली नसतील? डॉक्टरीणबाईंनी मला सोड्याने घासघास घासलं, तरी कितीतरी दिवस मला स्वतःचीच किळस येत होती.

पुढे खरोखरच तसं घडलं. गावाबाहेर एका बाईंचा गोठा होता. त्यांना सगळे आत्या म्हणत. एका सकाळी त्यांच्या पुढच्या गोठ्यातल्या दुभत्या गाई तोंडाला फेस येऊन धडाधड कोसळल्या. पेंडीच्या खोलीचं कुलूप तोडलेलं होतं, आणि पोती उसवून वेगळ्याच दोऱ्याने पुन्हा शिवलेली होती. मागच्या गोठ्यातल्या कालवडी आणि वासरं मात्र ठणठणीत होती. त्यांना फक्त हिरवा चारा असे.

डॉक्टरीणबाईंनी भराभर नमुने घेतले आणि माझ्यात बर्फ ठासला.

“आत्या, नीट ऐका,” त्या म्हणाल्या. “पेंडीत विष निघालं तर मागची जनावरं वाचतील. त्यांनी पेंड खाल्लेलीच नाही. पण हा साथीचा रोग नाही, हे सिद्ध व्हायला हवं. नाहीतर नियमाप्रमाणे सगळीच मारावी लागतील.”

“मग बघत काय बसलीस? पळव की गं बाई ती पेटी!”

गाडी सुरूसुद्धा झाली होती. तेवढ्यात हवालदार आले.

“पेटी खाली ठेवा.”

“अहो हवालदार, प्रयोगशाळेत वाट बघताहेत!”

“बाई, गुन्हा घडलाय. हा मुद्देमाल आहे. आधी चौकीत जमा, मग साहेबांची सही, मग तुमची प्रयोगशाळा. माझ्या नोकरीत मुद्देमाल एकदाही इकडचा तिकडे झालेला नाही.”

माणूस वाईट नव्हता हो! तेच तर जास्त संतापजनक. त्यांनी मला कापडात गुंडाळलं, सुतळीने आवळलं, वर गरम लाख ओतून मोहोर उठवली. मग मुद्देमालाच्या खोलीत, मोडक्या मोटरसायकलीला टेकवून ठेवून दिलं.

डॉक्टरीणबाई रोज यायच्या. “निदान बर्फ तरी बदलू द्या!”

“मोहोर तोडता येत नाही, बाई.”

अन्न खात्याचे निरीक्षक आले, त्यांनाही थोडा नमुना हवा होता. त्यांना पत्र आणायला सांगितलं. आरोग्य खात्याने फोनवरच विचारलं, “माणूस कुणी आजारी पडलाय का? नाही ना? मग आम्ही कशाला?” आणि सही करणारे साहेब दौऱ्यावर. वा रे सराव!

बर्फाचं पाणी झालं. दूध नासून बाटलीचं बूच उडालं. रक्त सडलं, पेंडीला बुरशी आली, आणि सगळ्याचा एक चिकट, हिरवट राडा माझ्या तळाशी साचला. मित्रांनो, आपल्याच पोटात घाण कुजतेय आणि तोंड मात्र बांधलेलं, याहून ओंगळ काय असेल? हवालदारांनी नाकाला रुमाल लावला आणि माझ्यावर बाहेरून फिनेल शिंपडलं. बाहेरून!

अखेर सही झाली. प्रयोगशाळेतल्या बाईंनी लाख फोडून झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं.

“यातून आता काही कळणार नाही. घेऊन जा परत.”

मेलेल्या गाई आणि उरलेली पेंड तोवर पुरून टाकलेली, म्हणून नवे नमुनेही मिळेनात. मग काय, वरून हुकूम आला. मागच्या गोठ्यातली जनावरंसुद्धा मारायची होती, आणि तेही डॉक्टरीणबाईंनीच. इंजेक्शनची औषधं न्यायला दवाखान्यात दुसरी पेटी नव्हती. म्हणून त्यांनी मला रगडून धुतलं आणि तिथे नेलं. हो, मलाच.

आत्या एकेकीचं दावं धरून उभ्या राहत होत्या. शेवटी एक वासरू उरलं. ते माझं झाकण चाटत होतं.

“याला काय झालंय गं?” आत्यांनी विचारलं. “मला नुसतं सांग, याला झालंय काय?”

“काही झालेलं नाही, आत्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुई भरली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी पोलीस व्हाल, कुणी डॉक्टर, कुणी साहेब. मला खुशाल भंगारात टाका, माझी तक्रार नाही. पण माझ्या जागी जी पेटी येईल, ती भरायची वेळ येण्याआधी चौघांनी एकत्र बसून ठरवा, की ती कुणी कुणाच्या हातात द्यायची. आणि ठरवायचा कंटाळा आला, तर त्या गोठ्यावर जा आणि आत्यांना सांगा, की आम्ही वेळेवर बघू.