ब्रुजमधली शुक्रवारची मिस्सा

बहरीनमध्ये बरीच वर्षं काढलेल्या माणसाला रविवार कधी असतो असं विचारा, तो बेधडक शुक्रवार म्हणून सांगेल. शुक्रवारी सुट्टी, शुक्रवारी दुपारी मटण, शुक्रवारी सकाळी मनामाच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नऊची मिस्सा, आठवड्याची मोठी प्रार्थना. कॅलेंडरातला रविवार बिचारा कामाचा दिवस, त्याला कोण विचारतो! मायकल तुस्कानोचं घर असंच शुक्रवारावर चालत होतं. मायकल वसईजवळच्या भुईगावचा, इथे एका हॉटेलात बँक्वेट कॅप्टन, मेजवान्यांच्या वाढप्यांचा मुकादम. बायको हिल्डा हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर. तेरा वर्षांची व्हॅलेरी आणि आठ वर्षांचा शेरविन दोघंही बहरीनचीच. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून यायचं.

दर सुट्टीत खोकी बांधायची आणि वसई गाठायची, हा या घराचा रिवाज. सत्त्याण्णव साली मात्र मायकलच्या अंगात आलं. त्यांच्या हॉटेलवाल्यांचं एक हॉटेल बेल्जियममध्ये, ब्रुज नावाच्या गावात होतं आणि स्टाफला तिथे स्वस्तात खोली मिळत होती. रस्त्यांच्या जागी कालवे, कालव्यांतून होड्या, असं त्या गावाचं वर्णन त्याने जेवताना केलं.

"होड्या बघायला एवढ्या लांब?" हिल्डा म्हणाली. "नायगावच्या खाडीत काय कमी आहेत?"

मायकलने रंगीत पुस्तिका पुढे सरकवली. पहिल्याच पानावर दगडी देवळाचा उंच मनोरा होता. हिल्डाचा हात भातातच थांबला. मनामाच्या कॉयरमध्ये ती पहिल्यापासून गात आली होती. तिथे मिस्साला पाय ठेवायला जागा नसायची, निम्मी माणसं आवारात कनातीखाली उभी, आणि स्पीकर फादरपेक्षा जास्त बोलायचा. अशा एखाद्या शेकडो वर्षांच्या देवळात, भरल्या मिस्सात, मोठ्या ऑर्गनबरोबर एकदा तरी गावं, ही तिची फार जुनी हौस होती.

"तिथे मिस्सा मिळेल?" तिने विचारलं.

"सोमवारी पोचायचं, शनिवारी पहाटे निघायचं. शेवटचा दिवस फ्रायडेच ठेवलाय, तुझ्यासाठी."

"मग जाऊ," हिल्डा म्हणाली. या बोलण्यात काही खोट आहे हे चौघांपैकी कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

हिल्डाच्या पोटात गोष्ट राहणं कठीण. आठवड्याभरात सगळ्यांना बातमी कळली, आणि ज्याला त्याला काही ना काही मागायचं होतं. खालच्या मजल्यावरची अरुणा चहाला म्हणून आली. तिचा नवरा महादेव अस्करच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात भट्टीवर होता. "त्यांना एकदाचं भट्टीवरून काढून ऑफिसात बसवू दे, एवढं सांग तुझ्या देवाला," ती म्हणाली. "देव कुठलाही असो, ऐकणारा हवा." कोपऱ्यावरच्या दुकानातले हाशिमभाई रत्नागिरीकडचे, त्यांनी वेलचीची पुडी हातात ठेवून मुलीसाठी, उमैमासाठी, दुआ मागितली. तिचं दहावीचं वर्ष होतं.

शेवटी आली रोझलिन. वेंगुर्ल्याची, एका घरी कामाला. शुक्रवारी मिस्सापुरती तिला सुटका, तेवढ्यात धावत येऊन ती आवारात उभी राहायची. चार वर्षं ती गावी गेली नव्हती.

"तुझ्यासाठी काय मागू?" हिल्डाने विचारलं.

"काय नको गो," रोझलिन म्हणाली. "माझा नुसता नाव घे. देवाक कळूक होया, मी हंय आसंय म्हणान."

हिल्डाने तिचा हात घट्ट धरला आणि शब्द दिला, की भरल्या मिस्सात, सगळ्यांच्या प्रार्थनेच्या वेळी, तुझं नाव मी घेणार म्हणजे घेणार.

ब्रुज मात्र खरंच देखणं निघालं. ऑगस्टात स्वेटर घालायला मिळतो याचंच शेरविनला इतकं कौतुक, की तो खोलीतही काढेना. होडीत बसून पुलांखालून जाताना मायकल व्हिडिओ कॅमेरा डोळ्याला लावून स्वतःच कॉमेंट्री करत होता आणि दर पुलाला डोकं आपटता आपटता वाचत होता. कागदाच्या शंकूतले बटाट्याचे तळलेले काप खात चौघं कालव्याच्या कठड्यावर बसायची, हंस बघायची. इथे कोणाकडे जायचं नव्हतं, कोणाचं खोकं पोचवायचं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदाच हिल्डाने नवऱ्याला भर दिवसा रिकामं बसलेलं पाहिलं, आणि तो तिला पुन्हा नव्याने आवडला.

फक्त देवळात ती पाऊल टाकेना. दर वळणावर एक मनोरा दिसायचा. मायकल म्हणायचा, "चल, डोकावून येऊ." हिल्डा मान हलवायची. "देवाच्या घरी डोकावायचं नसतं. शुक्रवारी जाऊ, सगळ्यांना घेऊन."

शुक्रवार उजाडला. हिल्डाने मोरपंखी रेशमी साडी नेसली, त्यावर मायकलचं जाकीट चढवलं. शेरविनच्या गळ्यात टाय, व्हॅलेरीच्या पायात टोचणारे नवे बूट. रस्त्यात एक माणूस ट्रकमधून बिअरची पिंपं उतरवत होता. पोस्टमन सायकलवरून गेला. बँकेचं दार उघडत होतं.

"बघितलंस?" हिल्डा नाक मुरडून म्हणाली. "मिस्साच्या दिवशीसुद्धा यांना धंदा सुटत नाही."

पुस्तिकेतलं देऊळ आलं. दार उघडं होतं. आत शिरून हिल्डाने वर पाहिलं. एवढी उंची तिने कधी पाहिली नव्हती. मग तिची नजर खाली आली. बाकं रिकामी होती, सगळीच्या सगळी. मधल्या वाटेवर एक पोक्त बाई व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होती.

मायकलने जवळ जाऊन विचारलं, "मॅडम, मास? किती वाजता?"

"मास? सन्डे," बाई म्हणाली. "टेन ओ'क्लॉक."

"येस, येस. टुडे."

बाईने या नटूनथटून आलेल्या चौघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "टुडे इज फ्रायडे."

"येस, फ्रायडे," मायकल म्हणाला, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने कपाळावर हात मारला. व्हॅलेरी आधी हसली. "ओ माय गॉड, डॅडा! हिअर संडे इज ऑन संडे!"

हिल्डा हसली नाही. तिला आधी मायकलचा राग आला, मग स्वतःचा, आणि मग नुसतंच रडू आलं. जगभराचा रविवार कधी असतो हे का तिला ठाऊक नव्हतं? चार दिवस देवळाच्या दारावरून वळली ती याचसाठी? उद्या पहाटेची गाडी, विमानाची तिकिटं पक्की. अरुणाला काय सांगायचं? रोझलिनला कुठल्या तोंडाने भेटायचं? ती पुढच्या एका बाकावर बसली आणि पदराने डोळे टिपू लागली.

मायकल शेजारी येऊन बसला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "पण गो, तिकडे तर आज मिस्सा आहेच ना?"

हिल्डाने मान वर केली. "तुझं घड्याळ बघ. इथे आठ, म्हणजे तिकडे?"

"नऊ."

आत्ता, या क्षणाला, मनामात घंटा झाली असेल. कॉयर उभा राहिला असेल. तिसऱ्या पंख्याखालच्या जागेसाठी आंट्यांची भांडणं मिटली असतील, आणि रोझलिन धापा टाकत आवारात शिरली असेल. हिल्डाने डोळे पुसले आणि साडीच्या निऱ्या सारख्या करत ती उठली.

"उभे राहा सगळे. पहिलं गीत सुरू झालं."

"बट मम्मा," शेरविन कुजबुजला, "देअर्स नोबडी हिअर."

"आहेत. तुला दिसत नाहीत, एवढंच."

आणि ती गाऊ लागली. मनामात गर्दीत विरून जाणारा तिचा आवाज इथे दगडी खांबांना लागून परत आला, तेव्हा ती स्वतःच दचकली. मायकलने आपला घोगरा आवाज मिळवला. व्हॅलेरी लाजेने लाल झाली, पण शब्द तिला पाठ होते. दुसऱ्या कडव्याला तीही गायला लागली. सफाईवाल्या बाईने यंत्र बंद केलं आणि ती मागच्या बाकावर हात जोडून बसली.

प्रार्थनेची वेळ झाली असेल असं वाटलं तेव्हा हिल्डा एकेक बाक बघत नावं घेऊ लागली. महादेवला भट्टीवरून सुटका मिळू दे. अरुणाचा जीव स्वस्थ होऊ दे. उमैमाचे पेपर चांगले जाऊ देत. कॉयरमधल्या सगळ्या जणी झाल्या, हॉस्पिटलातल्या आया झाल्या. शेवटी ती थांबली, छातीत श्वास भरून घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "रोझलिन. वेंगुर्ल्याची. बहरीनला असते." त्या उंच छताखाली नाव जरा वेळ घुमत राहिलं.

पुढच्या शुक्रवारी मनामात नेहमीसारखा उकाडा होता, नेहमीसारखी रेटारेटी. मिस्सा सुटल्यावर रोझलिनने हिल्डाला आवारातच गाठलं. घरी परतायची घाई होती, तरी ती उभी राहिली.

"घेतलंस गो माझा नाव?"

"घेतलं. मोठ्याने घेतलं."

रोझलिनचा चेहरा उजळला, पण लगेच तिला शंका आली. "एवढा मोठा देऊळ. तितक्या गर्दीत देवाक ऐकाक इला असात?"

हिल्डाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "आलं ग, नक्की आलं," ती म्हणाली. "त्या वेळी तिथे त्याच्याशी दुसरं कोणी बोलतच नव्हतं."