सतरा नंबरची बरणी

धडा आम्लवर्षेचा होता आणि बाईंना तो नुसता वाचून दाखवायचा नव्हता. म्हणून त्यांनी घरच्या अठ्ठावीस बरण्या वर्गात वाटल्या. मुलांनी त्या गच्चीवर, खिडकीत ठेवून पावसाचं पाणी जमवलं. बाईंनी एकेका बरणीत तपासणीची कागदी पट्टी बुडवली. सगळ्या पट्ट्या पिवळसर झाल्या, म्हणजे पाऊस जरासाच आंबट. सतरा नंबरची मात्र लालभडक झाली.

बाईंनी बरणी नाकाशी नेली. "व्हिनेगर! पाऊस काय घरीच तयार करतेस?"

वर्ग फिदीफिदी हसला. ज्या मुलीची ती बरणी होती तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती कधी स्वस्थ बसत नसे.

"बाई, शपथ, मी काही नाही घातलं."

"जास्त शहाणपणा नको," म्हणत बाईंनी भिंतीवरच्या निकालाच्या तक्त्यातलं तिचं नाव खोडलं. मुंगी दिवसभर जागची हलली नाही.

संध्याकाळी घरी किटली घासायला बाईंनी व्हिनेगरची बाटली काढली आणि त्यांना एकदम आठवलं. बरण्यांच्या तळाचा पांढरा थर त्यांनी याच व्हिनेगरने काढला होता. एकीचा काही केल्या निघेना, म्हणून ती भिजत ठेवली. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. तासभर नणंदपुराण रंगलं. मग घाईघाईत बरणी नुसती उपडी केली, झाकण लावलं, वर आकडा लिहिला. सतरा. विसळली होती का? नव्हती.

आपल्या हलगर्जीपणाचं खापर त्यांनी पोरीच्या डोक्यावर फोडलं होतं, तेही भर वर्गात. सकाळी सांगून टाकायचं, असं ठरवून त्या दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या. पण समोरचे चेहरे पाहून जीभ रेटेना. आधी शिकवू, मग सांगू. घंटा झाली तरी त्या गप्पच. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही गप्प बसलो याची त्याहून जास्त.

तिसऱ्या दिवशी मुंगीने टेबलावर नवी बरणी ठेवली. झाकणावर कागद चिकटवलेला: 'यात फक्त पाऊस आहे.' खाली आई, बाबा, आजोबा आणि शेजारच्या काकूंच्या सह्या.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वर्गाकडे वळल्या. "त्या बरणीतलं व्हिनेगर माझं होतं. मी विसळायला विसरले. ही खरं बोलत होती, आणि मला ते परवाच कळलं होतं."

कोणी हसलं नाही. बाईंनी पट्टी मुंगीपुढे धरली. "घे, तूच बुडव."

मुंगीने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नको बाई, तुम्हीच बुडवा. मी हात लावला नाही, हे सगळ्यांना दिसू दे."